माहेरची खूण : कर्णबधिर बायकांच्या भेटीगाठींचा थोडा इतिहास

माजी विद्यार्थ्यांचे मेळावे घातक असतात, असं एका फार मोठ्या माणसाने गंभीरपणे लिहून ठेवलं आहे. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८३ साली अमेरिकेच्या विज्ञान अकादमीपुढे एक निबंध वाचला. कर्णबधिर माणसं आपसांत लग्नं करतात, त्यातून बहिऱ्यांचा एक वेगळा वंशच तयार होईल, ही त्यांची भीती. मग ही माणसं एकत्र येतात तरी कशामुळे, याची कारणं त्यांनी शोधली : निवासी शाळा, खुणांची भाषा, बहिऱ्यांची वर्तमानपत्रं, शहरांतली त्यांची मंडळं, आणि जुन्या विद्यार्थ्यांचे मेळावे! बेलसाहेबांची आई बहिरी होती, बायकोही बहिरी होती. तरी त्यांना असं वाटलं. आज आपल्या शाळेच्या हॉलमध्ये हात नुसते भिरभिरताहेत, ते पाहून त्यांचं काय झालं असतं कोण जाणे.

त्याआधी तीनच वर्षं, १८८० मध्ये, इटलीतल्या मिलान शहरात शिक्षकांची परिषद भरली होती. बहिऱ्या मुलांना बोलूनच शिकवावं, खुणा वर्गाबाहेर ठेवाव्यात, असा ठराव तिथे झाला. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकणारे होते. त्याची सावली आपल्या वर्गापर्यंत पोचली. हात मांडीवर ठेवून बाईंच्या ओठांकडे बघत बसलेले आपण सगळ्यांनाच आठवतो. बाईंचा राग नाही. त्यांना तसंच शिकवून पाठवलं होतं.

बहिऱ्यांच्या संघटनांची गोष्ट सांगताना मात्र नेहमी पुरुषांचीच सांगितली जाते. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट कॉलेजचंच बघा. बहिऱ्यांसाठीचं हे कॉलेज १८६४ सालचं, पण मुलींना तिथे प्रवेश मिळाला १८८७ मध्ये, तोही ‘प्रयोग म्हणून’. मुलांचं साहित्य मंडळ जोरात होतं. वादविवाद, कवितावाचन, सगळं खुणांत. मुलींना त्यात भाग घ्यायची मुभा नव्हती. म्हणून १८९२ मध्ये त्यांनी आपलं गुप्त मंडळ काढलं. नाव ओ.डब्ल्यू.एल.एस. त्या अक्षरांचा अर्थ फक्त सभासदांनाच ठाऊक, पण जोडून वाचली की इंग्रजीत होतात ‘घुबडं’. आपल्याकडे घुबडाचं नाव काढलं तरी लोक खिडकी लावून घेतात. ग्रीकांकडे तो विद्येच्या देवतेचा पक्षी. (आणि आपल्याकडेही लक्ष्मीचं वाहन आहेच म्हणा.)

या मंडळाची पहिली अध्यक्ष अगाथा टीगल. सातव्या वर्षी आजारपणात तिचे कान गेले, एका डोळ्याची दृष्टीही गेली. १८९३ मध्ये पदवी घेताना तिने जे भाषण केलं त्याचा विषय होता स्त्रीची बुद्धी. बाई बुद्धीने कमी नसते, तिला वाव दिलेला नसतो, असा तिचा मुद्दा. मला भाषणापेक्षा ती खोली महत्त्वाची वाटते, जिथे दार लावून मुली वाद घालायला शिकल्या. कारण बाहेर घाई कुणालाच नव्हती. अमेरिकेतल्या बहिऱ्यांची राष्ट्रीय संघटना १८८० ची, पण तिथे बायकांना मताचा हक्क मिळाला १९६४ मध्ये! जागतिक बधिर महासंघ १९५१ चा, त्याच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री आली १९९५ मध्ये, फिनलंडच्या लीसा काउप्पिनेन.

आपल्याकडे दार लावणारा कुणी नव्हता, कारण लग्न झालं की मुलगी दारापर्यंतच पोचत नसे. आपल्या वर्गातल्या बहुतेक मुली ऐकणाऱ्यांच्या घरी गेल्या. संक्रांतीचं हळदीकुंकू सगळीकडे होतं, आपल्यालाही बोलावणं येतं. वाण घ्यायचं, तिळगूळ घ्यायचा, सगळ्या हसल्या की हसायचं आणि घरी यायचं. वीस बायकांत बसून एक शब्द बोलायचा नाही, याचा शीण बाकीच्यांना कळत नाही. मुंबईत आपली पुरुषमंडळी ऑफिस सुटल्यावर लोकलच्या अपंगांच्या डब्यात आणि स्टेशनांवर भेटत, गप्पांसाठी गाडीमागून गाडी सोडत. बायकांना सातच्या आत कुकर लावायचा असे.

म्हणून १९७३ साली दिल्लीत बहिऱ्या बायकांची स्वतंत्र संस्था उभी राहिली, ही मला मोठी घटना वाटते. आज ती दिल्ली फाउंडेशन ऑफ डेफ विमेन या नावाने ओळखली जाते. तिथे कामाचं शिक्षण मिळतं. पण शिवणकाम शिकायला जाते असं घरी सांगता येतं, हाही एक फायदाच की.

आमच्याकडे संस्था नव्हती, भिशी होती. महिन्याचा दुसरा शनिवार, आळीपाळीने एकेकीचं घर. पैसे मोजून व्हायचे दहा मिनिटांत, पुढचे तीन तास हात चालायचे. रेशनकार्डावर नाव कसं चढवायचं, मशीनचे सेल कुठे स्वस्त, कुणाचा नवरा मारतो. एका मैत्रिणीने (तिला विचारूनच लिहिते आहे) एकदा दवाखान्यातला कागद आणला. बाळंतपणात तिची सही घेतली होती. डॉक्टर सासूशी बोलले होते, तिच्याशी कुणीच नाही. आम्ही सात-आठ जणींनी अक्षर अक्षर लावून तो वाचला. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेची संमती होती ती. मुलगी तेव्हा चार वर्षांची झाली होती आणि दुसरं मूल का होत नाही म्हणून ही उपास करत होती. त्यानंतर आमच्यातलं कुणी दवाखान्यात गेलं की दुसरी एक बरोबर जायची. न वाचता सही करायची नाही, असं ठरलं.

या अशा बैठकांतच आपली भाषाही टिकली. १९७० च्या दशकाच्या शेवटी मदन वसिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळुरूच्या खुणा गोळा केल्या. वसिष्ठ स्वतः बहिरे, दिल्लीहून अमेरिकेत शिकायला गेलेले. चारही शहरांतल्या खुणांत बरंच साम्य निघालं. कुठल्याच वर्गात शिकवली न जाणारी भाषा इतकी कशी जुळते, याचं आश्चर्य तज्ज्ञांना वाटो. आपल्याला जिन्याखालची मधली सुट्टी माहीत आहे.

आता व्हिडिओ कॉल आले, गावाकडची मैत्रीण रोज दिसते. पण जी सापडलीच नाही तिला कॉल कसा करणार? या मेळाव्याची यादी करताना आमच्या तुकडीतले मुलगे चार दिवसांत सापडले. मुलींपैकी पाच जणी अजून सापडलेल्या नाहीत. आडनाव बदललं, दोघींचं तर सासरी नावही बदललं. शाळेच्या रजिस्टरात जी आहे ती आता त्या नावाने कुठेच नाही.

खुणेचं नाव मात्र बदललेलं नसणार. दोन वेण्यांची, गालावर खळीची, हनुवटीवर तीळ असलेली : पहिलीत आपण एकमेकींना दिलेली ती नावं कुठल्याच सासरने बदलली नाहीत, कारण ती त्यांना माहीतच नव्हती. म्हणून संपादकांना विनंती केली आहे की स्मरणिकेच्या शेवटच्या यादीत मुलींची माहेरची आणि सासरची दोन्ही नावं छापावीत, आणि तिसऱ्या रकान्यात खूण, शब्दांत वर्णन करून. हरवलेल्या पाच जणींच्या खुणा मी लिहून दिल्या आहेत. भुवईवर बोट ठेवून खाली ओढायची ती खूण असलेली कुणाला नाशिक किंवा धुळ्याकडे दिसली, तर कार्यालयात कळवा.