घोड्याचा ताप उतरला, मग विश्रांती कशाला?

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. आजचा विषय थोडा वेगळा आहे: आजारातून उठणारा घोडा. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

मी जयसिंगपूरचा. राजर्षी शाहू महाराजांनी वडिलांच्या, म्हणजे जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं वसवलेलं आमचं गाव. सरळ रस्ते, नंबरच्या गल्ल्या. दिवसभर लॅपटॉपवर कोड लिहितो. माझ्या मामाकडे मात्र एक पांढरा घोडा आहे, बादल. लग्नसराईत वरातीला जातो, त्यावर मामाचं घर चालतं.

गेल्या हिवाळ्यात बादलला ताप आला. नाकातून पाणी, कोरडा खोकला, दाण्याला तोंड लावेना. जनावरांचे डॉक्टर आले, तपासलं, औषध दिलं. चार दिवसांनी ताप उतरला. मामा खूश! बारा दिवसांवर मोठी वरात होती, ॲडव्हान्स घेऊन झाला होता. पण डॉक्टर म्हणाले, "जितके दिवस ताप, तितके आठवडे आराम. चार आठवडे पाठीवर माणूस नको."

मामा माझ्याकडे बघून म्हणाला, "अरे, ताप न्हाई, चंदी खातोय, अजून काय पाहिजे? तुमचा कॉम्प्युटर चालू झाला की तुम्ही काम करताच की!"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून रात्री वाचत बसलो, आणि थेट इतिहासात जाऊन पोचलो.

पहिली गोष्ट, चिपळूणजवळची. १६७३ च्या सुमारास, पावसाळ्याच्या तोंडावर, शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणी केलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना एक पत्र पाठवलं. शाळेत आपण त्यातला एकच भाग ऐकतो, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, हा. पण पत्राचा मोठा भाग घोड्यांबद्दल आहे. मतलब असा: पावसाळाभर पुरेल असा दाणा आणि वैरण जमवून दिली आहे. आत्ताच मन मानेल तशी उधळलीत तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. पुढे तर अगदी बारीक गोष्टी आहेत. गवताजवळ आगट्या पेटवू नका, तंबाखू ओढताना जपा, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजी पेटेल.

हे वाचून मी थांबलोच. पावसाळा म्हणजे मराठी घोडदळाच्या आरामाचा काळ. आणि आराम म्हणजे घोडा नुसता बांधून ठेवणं नव्हे, त्या महिन्यांचा खर्च आधीच बाजूला काढून ठेवणं. बारगिराला घोडा सरकारचा मिळायचा, शिलेदाराचा घोडा स्वतःचा असायचा. घोडा गेला की शिलेदाराची रोजी गेली. म्हणजे माझा मामा शिलेदारच की!

दुसरी गोष्ट, सातासमुद्रापारची. १८७२ च्या शरद ऋतूत कॅनडात टोरोंटोच्या आसपास घोड्यांना फ्लू झाला. काही आठवड्यांत साथ न्यूयॉर्क, बॉस्टनला पोचली आणि पुढच्या वर्षापर्यंत जवळजवळ सगळ्या अमेरिकेत पसरली. तेव्हा शहरं घोड्यांवर चालायची. ट्राम, कोळसा, दूध, सगळं घोड्यांच्या जिवावर. एकदम सगळं ठप्प. ९ नोव्हेंबरला बॉस्टनमध्ये भयंकर आग लागली, तेव्हा आगीचे बंब माणसांनी ओढत नेले. त्या आगीत सुमारे ७७६ इमारती गेल्या.

पण मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. बहुतेक ठिकाणी मेलेले घोडे शेकड्याला एक-दोनच होते, काही शहरांत मात्र आकडा दहाच्या आसपास गेला. आणि ज्यांना बरं व्हायच्या आधीच जुंपलं, त्यांचे हाल सगळ्यात जास्त झाले. न्यूयॉर्कमध्ये प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्ध संस्था काढणारे हेन्री बर्ग रस्त्यात उभे राहून आजारी घोडे जुंपलेल्या गाड्या अडवायचे. लोक त्यांच्यावर चिडायचे, कारण प्रत्येकाची रोजी अडली होती.

तिसरी, आपल्याकडची. घोड्यांचा फ्लू भारतात १९८७ मध्ये आला, नंतर २००८ च्या जूनमध्ये जम्मूतल्या कटरा इथे सुरू होऊन देशात पसरला. कटरा म्हणजे वैष्णोदेवीचा पायथा, यात्रेकरूंना नेणाऱ्या घोडे-खेचरांचं गाव. हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रानं यावर बरंच काम केलंय, लसही आहे.

आता डॉक्टरांचा हिशोब कळतो. घोडा तोंडानं श्वास घेऊच शकत नाही, फक्त नाकानं घेतो. श्वासनलिकेच्या आत बारीक केसांसारखा थर असतो, तो धूळ आणि कफ बाहेर ढकलतो. फ्लूमध्ये हा थर झडतो आणि परत यायला तीनेक आठवडे लागतात. ताप उतरला म्हणजे फक्त डॅशबोर्ड हिरवा झाला, आतलं काम अजून चालूच असतं! आणि वरातीत काय असतं? फटाक्यांचा धूर, डॉल्बी, आणि लगाम ओढून उंच धरलेली मान. मान वर राहिली की कफ खाली उतरत नाही, आतच साचतो.

हे सगळं मी मामाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग फोन काढून मिरजेच्या एका घोडेवाल्याला अख्खं बुकिंग देऊन टाकलं, ॲडव्हान्ससकट.

पुढचे चार आठवडे आम्ही दोघं मोतद्दार. तोबरा बंद केला, वैरण पाण्यात भिजवून जमिनीवरच ठेवली, म्हणजे खाताना मान खाली राहील आणि धूळ उडणार नाही. तबेल्याच्या दोन्ही बाजू उघड्या, पण अंगावर झूल. झाडलोट करायची असली की बादल आधी बाहेर. बादली वेगळी. रोज सकाळी, ऑफिसच्या मीटिंगआधी, मी त्याचा ताप आणि विश्रांतीतला श्वास मोजायचो. मिनिटाला आठ ते सोळा म्हणजे ठीक. सगळं एक्सेलमध्ये! तिसऱ्या आठवड्यात नुसतं हातात धरून फिरवणं सुरू केलं. खोकला पूर्ण थांबायला पाचवा आठवडा उजाडला.

त्या महिन्यात मामाच्या घरी पैशाची ओढाताण झाली, हे खोटं कशाला सांगू. मामी दोन दिवस बोलली नाही. तेव्हा ते पत्र मला खरं कळलं. "घोड्याला आराम द्या" असं कुणीही सांगेल. त्या आरामाची वैरण आधी कोण भरून ठेवतो, प्रश्न तिथे असतो. आता आम्ही प्रत्येक वरातीमागे थोडे पैसे बाजूला टाकतो. डब्यावर मामानं खडूनं लिहिलंय, "पावसाळा."

तुमच्या घरी कुणी आजारातून उठत असेल, चार पायांचं किंवा दोन पायांचं, तर त्याला लगेच जुंपू नका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!