गोळीभोवतीचे कापड

१२. अठराव्या शतकातल्या पेनसिल्व्हेनियाच्या लांब रायफलीत शिशाची गोल गोळी नळीच्या व्यासापेक्षा किंचित लहान असे. उरलेली फट चरबी चोळलेल्या कापडाने भरत. नळीतल्या पेचदार खाचांची पकड गोळीला मिळते ती याच कापडामार्फत, म्हणूनच ती गरगरत, सरळ जाते. कापड घट्ट विणीचे लिनन किंवा सुती हवे. नवे असेल तर धुऊन खळ काढलेले. कृत्रिम धागा उष्णतेने वितळतो, तो नकोच. खरी परीक्षा बार उडाल्यावर. काही पावलांवर पडलेला तुकडा उचलून पाहावा : कडांचे धागे सुटलेले चालतात, पण जळून भोक पडले असेल तर कापड पातळ आहे किंवा चरबी कमी पडली, आणि धारेने कापल्यासारखे काप दिसले, तर बहुधा खाचांच्या कडा फार तीक्ष्ण आहेत. — संपा.