पेट्रोलमधले दोन टक्के

पुण्याच्या रस्त्यांवर कित्येक वर्षं तरंगत राहिलेला निळसर धूर टू-स्ट्रोक इंजिनाच्या खात्यावर जमा आहे. इंजिन वाईट म्हणून हवा वाईट. इंजिन गेलं, धूर गेला, असा सरळ हिशोब मांडला जातो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. डोळ्यांना दिसणारा आणि नाकाला झोंबणारा तो धूर मुख्यतः ऑइलचा होता, आणि ऑइल किती पडावं हे इंजिन ठरवत नव्हतं. ते ठरायचं पेट्रोल पंपावर, टाकीचं झाकण उघडं असताना, गिऱ्हाईक आणि पंपावरचा माणूस यांच्यात. म्हणून या धुराची कुळकथा यंत्राच्या रचनेत शोधावी त्याहून जास्त ऑइल टाकण्याच्या रिवाजात शोधायला हवी.

फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल तळाला साठलेलं असतं आणि पुन्हा पुन्हा फिरवलं जातं. टू-स्ट्रोकमध्ये तशी सोय नाही, कारण हवा आणि पेट्रोलचं मिश्रण क्रँककेसमधूनच वर सिलिंडरमध्ये चढतं. तिथे ऑइल साठवायला जागाच उरत नाही. बेअरिंग आणि पिस्टनला जे काही वंगण मिळायचं ते पेट्रोलमधून, आणि काम झालं की तेही जळून सायलेन्सरवाटे बाहेर. बजाजच्या स्कूटरला प्रमाण सांगितलेलं होतं दोन टक्के, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, चहाचे चार चमचे. येझदीसारख्या मोटारसायकलींना याहून जास्त लागायचं. एकाच पंपावर एकामागून एक वेगवेगळ्या प्रमाणाच्या गाड्या उभ्या राहायच्या, आणि सगळ्यांचं वाक्य एकच: ‘दोन लिटर, ऑइल टाकून.’ सीट उचलायची, झाकण फिरवायचं. पंपावरचा माणूस हातपंपाचा दांडा दाबून किंवा पत्र्याच्या मापातून ऑइल ओतणार, वरून पेट्रोल सोडणार, मग मालक हँडल धरून गाडी दोन्ही बाजूंना हलवणार, म्हणजे ऑइल तळाशी बसू नये. मापाच्या कडेला लागलेलं ऑइल निथळेपर्यंत कुणी थांबायचं, कुणी ‘थोडं अजून’ म्हणायचं. ‘कमी टाका’ म्हणणारा विरळा.

हे ‘थोडं अजून’ कुठून आलं? पुणेकर पैशाला जपणारा, तो जास्तीच्या ऑइलवर पैसे का घालवील, हा आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर स्कूटर मिळायची कशी यात आहे. बजाज ऑटोला दुचाकी-तीनचाकी बनवण्याचा सरकारी परवाना १९५९ मध्ये मिळाला. पुढे आकुर्डीचा कारखाना उभा राहिला, इटलीच्या पियाज्जिओ कंपनीशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. पण उत्पादनाची मर्यादाही परवान्यानेच बांधलेली. मागणी प्रचंड, त्यामुळे नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची, काहींनी तर दहा-दहा वर्षं पाहिली. ज्या शहराच्या वेशीवर स्कूटर तयार होत होती, त्या शहरालाही रांग चुकली नव्हती. अशा वस्तूच्या बाबतीत माणूस पैशाचा हिशोब वेगळा करतो. ऑइल कमी पडलं तर पिस्टन पकडणार, म्हणजे इंजिन खोला, बोअर करून आणा, मोठ्या मापाचा पिस्टन बसवा. ऑइल जास्त झालं तर काय? थोडा धूर, आणि तोही मागच्या माणसाला. दोन चुकांपैकी एक महागाची आणि स्वतःच्या खिशातली, दुसरी स्वस्त आणि दुसऱ्याच्या नाकातली. अशा वेळी काटकसरी माणूसच जास्त ऑइल टाकतो. उधळ्याला गाडीची एवढी काळजी नसते.

गंमत अशी की या काळजीचा इंजिनाला फायदा नव्हताच. प्लग ओला व्हायचा, काळा पडायचा. म्हणून तर स्कूटरच्या डिकीत जादा प्लग आणि प्लगपाना ही जोडी कायमची. सायलेन्सरमध्ये कार्बन धरायचा, पिकअप मरायचा, मग सायलेन्सर उतरवून तापवून साफ करायचा. गॅरेजचा बराचसा नित्याचा धंदा आणि नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांतला प्लगांचा खप जास्तीच्या ऑइलने पोसला, असं म्हणायला हरकत नाही. शिवाय कार्बुरेटरच्या जेटमधून ठरावीकच द्रव जातो. त्यात ऑइलचा वाटा वाढला की पेट्रोलचा घटतो, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन उलट जास्त तापतं.

ही सवय एकट्या पुण्याची नव्हती. दक्षिण आशियातल्या टू-स्ट्रोक वाहनांवर जागतिक बँकेने २००० मध्ये अहवाल काढला, त्यात ढाक्याच्या रिक्षांचं उदाहरण आहे. उत्पादकाने तीन टक्के सांगितलेलं असताना तिथले चालक आठ टक्क्यांच्या आसपास, आणि तेही टू-स्ट्रोकसाठीचं खास ‘टू-टी’ ऑइल नव्हे तर साधं खनिज ऑइल टाकत होते. जास्त ऑइल म्हणजे इंजिनाचं जास्त रक्षण, हा समज आणि सुट्या ऑइलचा स्वस्त भाव, दोन्ही त्यामागे होते. पुण्याचा आकडा याच मापाचा असेल असा माझा दावा नाही. पण सुटं ऑइल, हाती माप आणि तीच भीती ही सामग्री इथेही तंतोतंत होती.

यावर जाणकार म्हणतील की हे हाताचं पाप दाखवून इंजिनाला निर्दोष ठरवणं झालं. टू-स्ट्रोकमध्ये नवं मिश्रण आत येताना जुना धूर ढकलतं आणि त्यातलं काही पेट्रोल न जळताच बाहेर निसटतं. ऑइल अगदी थेंबाथेंबाने मोजलं तरी हे थांबत नाही. बरोबर आहे. हा रचनेचाच दोष, आणि आरोग्याच्या दृष्टीने मोठा. पण ते निसटलेलं पेट्रोल बव्हंशी अदृश्य असतं, आणि लोकांनी ज्याच्यावर राग काढला तो दिसणारा धूर वेगळा. शिवाय उत्सर्जनाची पहिली मानकं १९९१ मध्ये आली, १९९६ आणि २००० मध्ये कडक झाली, आणि ती तपासणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एआरएआय पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. तिथे गाडी पास व्हायची ती कारखान्याने सांगितलेलं ऑइल सांगितलेल्या प्रमाणात घालून. टेकडी उतरून तीच गाडी पौड रस्त्यावरच्या पंपावर आली की प्रमाणपत्र आणि टाकी यांचा संबंध सुटायचा. मानक इंजिनाला होतं, मापाला नव्हतं.

हात बाजूला काढला तर काय होतं, याचा पुरावाही पुण्याच्याच उद्योगाने दिला. फिरोदियांच्या कायनेटिकने होंडाबरोबर ऐंशीच्या दशकाच्या मध्यात आणलेली कायनेटिक होंडा टू-स्ट्रोकच होती. पण तिला ऑइलची वेगळी टाकी होती आणि लागेल तेवढं ऑइल इंजिनाला देणारा पंप. लोक सेल्फ-स्टार्टवर आणि गिअर नसण्यावर खूश झाले, ऑइलच्या टाकीचं कौतुक फार कुणी केलं नाही. माझ्या मते त्या गाडीतली सर्वांत दूरदर्शी गोष्ट तीच होती. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये पंपावरच्या सुट्या ऑइलवर बंदी आणि मिश्रण करूनच देणाऱ्या यंत्राची सक्ती सांगितली, तीही याच दिशेने: मालक आणि पंपवाला या दोघांच्याही हातून माप काढून घेण्याची.

तोवर उशीर झाला होता. टू-स्ट्रोकला बाजारातून हटवलं ते धुराच्या तक्रारींनी नव्हे, ॲव्हरेजने. हीरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी-१०० ही १९८५ ची. पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरा, हा तिच्या जाहिरातीचा सूर. नव्वदचं दशक संपता संपता मोटारसायकलींनी स्कूटरना मागे टाकलं आणि २००९ मध्ये बजाजने स्कूटर बनवणंच थांबवलं. पण जाहिरातीतल्या त्या ‘विसरा’प्रमाणे विसरायचं होतं ते फक्त पेट्रोलात ऑइल मिसळणं. नव्या इंजिनाच्या तळाशी जेमतेम लिटरभर, कित्येक गाड्यांत त्याहूनही कमी, ऑइल असतं आणि ते अधूनमधून पाहावं लागतं, ही सवय त्या रिवाजात कधी तयारच झाली नव्हती. टू-स्ट्रोकवाल्याला पातळी तपासायची वेळ येत नसे. पेट्रोल भरलं की ऑइल भरलं. फोर-स्ट्रोकला गेज काढून, फडक्याने पुसून, परत बुडवून बघावं लागतं, आणि दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये रिंगांवाटे पाव लिटर ऑइल संपलं तरी बाहेर फारसा धूर दिसेलच असं नाही. पुण्यातल्या गॅरेजांत आज ऑइलअभावी पकडलेलं इंजिन येतं ते बहुधा अशाच गाडीचं, आणि मेकॅनिकचा पहिला प्रश्न असतो: ‘गेज शेवटचं कधी काढलं होतं?’