मजल, टप्पा आणि मुंबई–लंडन हवाईमार्ग

दोन स्थळांमधील अंतर ही भूगोलाची बाब असली, तरी ते अंतर तोडण्यास लागणारा काळ ही इतिहासाची बाब होय. मराठीच्या शब्दसंपत्तीत हा भेद पूर्वीपासून नांदत आला आहे. ‘कोस’ हा शब्द संस्कृत ‘क्रोश’ म्हणजे हाक यापासून आला. हाक जेथवर ऐकू जाते तेथवरचे ते माप. याउलट अरबी ‘मंझिल’पासून आलेली ‘मजल’ म्हणजे एका दिवसाची वाटचाल. घाट वा नदी आडवी आली की मजलेतील कोस घटत. कोसाने भूमी मोजली जाते, मजलेने प्रवास. मुंबई–लंडन हवाईमार्गाचा इतिहास पाहू गेल्यास ही दोन्ही मापे तेथेही लागू पडतात.

पृथ्वीच्या गोलावरील सर्वांत जवळच्या रेषेने या दोन नगरांच्या विमानतळांतील अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. सुवेझचा कालवा १८६९ साली खुला झाल्यावरही आगबोटीच्या प्रवासास दोन-तीन आठवडे लागत. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनीव्हा हे टप्पे घेऊन १० जून रोजी लंडनला पोहोचले. आठवड्यांचा हिशेब दिवसांवर आला. तथापि एका दमात एवढा पल्ला गाठण्याचे सामर्थ्य त्या काळच्या विमानांत नसल्याने वाटेत उतरणे अपरिहार्य होते.

या टप्प्यांची किंमतही मोजावी लागली. ३ नोव्हेंबर १९५० रोजी तेच ‘मलबार प्रिन्सेस’ जिनीव्हाच्या वाटेवर आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळून ४८ जण मृत्युमुखी पडले. पुढे २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे बोईंग ७०७ विमान जिनीव्हास उतरण्याच्या बेतात असता त्याच पर्वतावर कोसळले. त्यातील ११७ मृतांत डॉ. होमी भाभा होते.

पुढे विमानांचा पल्ला वाढला, मधले टप्पे गळाले आणि हा प्रवास नऊ-दहा तासांवर आला. तरीही काळ केवळ अंतरावर ठरत नाही. उंचावरील वारे पश्चिमेकडून वाहत असल्याने लंडनला जाण्यास परतीच्या प्रवासापेक्षा अधिक वेळ लागतो. शिवाय ती जवळची रेषा पाकिस्तान, इराण, काळा समुद्र व युक्रेन यांवरून जाते. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्धामुळे नागरी विमानांस बंद झाले. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये आपले आकाश भारतीय विमानांस बंद केले. अशा वेळी वळसा घेणे प्राप्त होते.

सारांश, नकाशावरील कोस स्थिर राहिले, मजल मात्र बदलत गेली. पूर्वी तिची लांबी घाट आणि नद्या ठरवीत. विमानयुगात ती यंत्राचे बळ, वारा आणि राष्ट्रांचे परस्परसंबंध ठरवितात.