मुहूर्तमेढ

‘संस्थेची मुहूर्तमेढ रोवली’ हे वाक्य या स्मरणिकेत तुम्हांला दोन-तीन ठिकाणी तरी सापडेल. मेढ म्हणजे मांडवाचा किंवा घराचा खांब. मी पडलो इतिहासाचा मास्तर, त्यामुळे मला मेढीपेक्षा तिचा खड्डाच आधी आठवतो. कारण लाकूड कुजते, खड्डा राहतो.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती! कुडाच्या भिंती, छप्पर सगळे कधीच मातीला मिळालेले. पण खांब कुजला की त्याच्या जागी भुसभुशीत माती भरते. भोवतालच्या चोपलेल्या जमिनीहून तिचा रंग वेगळा दिसतो. इथे कुदळीचे काम नाही. घाव जोरात बसला तर घरच गेले. खुरपीने हलक्या हाताने जमीन खरवडायची. मग गोल डाग दिसू लागतात. ते कागदावर जोडले की घराचा नकाशा तयार.

इनामगावची आधीची घरे ऐसपैस, चौकोनी. इ. स. पू. १००० नंतर मात्र लहान गोल झोपड्या. पाऊस घटला, शेती खालावली, असे डॉ. ढवळीकरांचे मत. गावाचे वाईट दिवस खड्ड्यांनी सांगितले. नाव मात्र एकाचेही कळत नाही.

आपल्या इमारतीचे काम चालू असताना आम्ही उभयता दर रविवारी बघायला यायचो. आता दुचाकी लावतो तिथे मजुरांच्या झोपड्या होत्या, बांबू आणि ताडपत्रीच्या. एक बाई पहारीने खड्डा घेऊन, दगडाच्या कपच्या ठोकून बांबू पक्का करत होती. सौ.ने पाणी मागितले, तर तिने तांब्या घासून भरून दिला.

आम्ही राहायला आलो तेव्हा झोपड्या हलल्या होत्या, खड्डे तेवढे उरले होते. त्यात माझा पाय मुरगळला. संस्थेकडे आलेला पहिला तक्रार अर्ज माझाच: ‘खड्डे त्वरित बुजवावेत.’ समितीने मुरूम टाकून ते बुजवले, पुढे वर फरशा आल्या.

त्या बाईचे नाव मी विचारले नाही. संस्थापक सभासदांच्या यादीत माझे नाव सतरावे आहे. आपली पहिली मेढ तिने रोवली होती, एवढी नोंद या अंकात राहावी, म्हणून हे लिहिले.