रिकाम्या हाताची गोष्ट

पुण्यातल्या एका एअर पिस्तूल रेंजवर सकाळी सातच्या सुमारास बारा-तेरा वर्षांची एक मुलगी सराव करत होती. उजवा खांदा निशाणाकडे, पाय खांद्यांइतक्या अंतरावर आणि डाव्या हाताचा अंगठा पँटच्या खिशात खोचलेला. तिने साधारण किलोभर वजनाचं पिस्तूल निशाणाच्याही वर उचललं, मग हात सावकाश खाली आणत पुढची माशी काळ्या वर्तुळाच्या खाली स्थिर केली. सात-आठ सेकंद गेली. चापावरचं बोट हललं नाही. तिने श्वास सोडला आणि गोळी न झाडताच पिस्तूल पुन्हा टेबलावर टेकवलं. मागे उभे असलेले सर एवढंच म्हणाले, “बरं केलंस.” हात डळमळू लागला की नेम सोडून द्यायचा, हा या खेळाचा पहिला धडा. दुसरी गोष्ट मात्र रेंजवर नवख्याला लगेच खटकते. एवढं जड हत्यार धरायचं, दहा मीटरवरच्या शर्टाच्या बटणाएवढ्या ठिपक्याचा वेध घ्यायचा, मग दुसऱ्या हाताचा आधार का घ्यायचा नाही? विचारलं तर उत्तर मिळतं, “नियम आहे.” आणि नियम खराच आहे. पिस्तूल एकाच हातात धरायचं, मनगट मोकळं दिसलं पाहिजे, त्या हातात घड्याळसुद्धा चालत नाही. पण हा नियम कुठून आला हे पाहायचं तर आपल्याला पाचशे वर्षं मागे, घोड्याच्या पाठीवर जावं लागतं.

सोळाव्या शतकाच्या आरंभी युरोपात बंदूक म्हणजे तोड्याची बंदूक. जळती जामगी सांभाळायची, रंजक भिजू द्यायची नाही, आणि या सगळ्याला दोन हात लागत. घोडेस्वाराला ते शक्यच नव्हतं, कारण त्याचा एक हात लगामात अडकलेला. त्याची अडचण सोडवली चक्री चापाने. किल्लीने स्प्रिंग ताणून ठेवलेलं पोलादी चाक, त्यावर टेकलेला गंधकी लोखंडाचा खडा. चाप ओढला की चाक फिरे, ठिणग्या उडत आणि रंजक पेट घेई. जळता तोडा नको, म्हणून हत्यार आधीच भरून खोगिराला टांगून ठेवता येऊ लागलं, आणि अंगरख्याखाली लपवताही येऊ लागलं. याच भीतीने पवित्र रोमन सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने 1517 च्या सुमारास अशा आपोआप पेटणाऱ्या हत्यारांवर बंदी घातली. बंदी टिकली नाही. पुढच्या पन्नास वर्षांत ‘रायटर’ म्हणून ओळखले जाणारे जर्मन घोडेस्वार दोन-दोन, तीन-तीन पिस्तुलं बाळगून फ्रान्सच्या धर्मयुद्धांत उतरले. ओळीओळीने शत्रूजवळ जायचं, बार काढायचा, घोडा वळवून मागे फिरायचं, अशी त्यांची रीत. ‘पिस्तूल’ हा शब्द इटलीतल्या पिस्तोया गावावरून आला की बासरीसाठीच्या चेक शब्दावरून, यावर अभ्यासक अजून भांडतात. एका हाताचं मूळ मात्र वादातीत आहे. दुसरा हात लगामासाठी हवा होता. त्या काळी नेमबाजी अशी नव्हतीच. शत्रूच्या चिलखताला नळी जवळजवळ टेकवूनच बार काढावा लागे.

पुढे चकमकीचा चाप आला, पिस्तूल स्वस्त आणि भरवशाचं झालं. अठराव्या शतकात ते घोड्यावरून उतरून सभ्य माणसाच्या मखमली पेटीत गेलं. तलवारीचं द्वंद्व मागे पडून पिस्तुलाचं द्वंद्व रूढ झालं. लंडनचे वॉग्डन आणि मँटन हे कारागीर त्यासाठी जोडीने पिस्तुलं घडवत. दोन्ही तंतोतंत सारखी, हातात सहज तोलली जाणारी, काहींचा चाप तर नुसत्या स्पर्शाने सुटणारा. 11 जुलै 1804 रोजी अमेरिकेत अॅरन बरने अलेक्झांडर हॅमिल्टनवर गोळी झाडली ती वॉग्डनच्याच पिस्तुलाने. आपल्याकडेही या प्रथेची सावली पडली. 17 ऑगस्ट 1780 च्या पहाटे कलकत्त्यात गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्या कौन्सिलचा सभासद फिलिप फ्रान्सिस चौदा पावलांच्या अंतरावर समोरासमोर उभे राहिले. फ्रान्सिसची दारू दमट निघाली, पुन्हा भरावी लागली. अखेर हेस्टिंग्जची गोळी लागून फ्रान्सिस कोसळला, पण वाचला. हे दोघेही द्वंद्वात अगदीच कच्चे होते. द्वंद्वात लगाम नव्हता. दोन्ही हात मोकळे होते. तरी हत्यार एकाच हातात राहिलं, कारण प्रतिस्पर्ध्याकडे कूस करून उभं राहिलं की अंगाचा कमीत कमी भाग त्याच्या समोर येतो, आणि पुढे केलेला हात छातीला थोडीफार ढाल होतो. आज त्या मुलीचा उजवा खांदा निशाणाकडे असतो, तो या भीतीचा वारसा. समोरून गोळी येणार नाही हे तिला ठाऊक आहे. तिच्या उभं राहण्याला मात्र ते अजून कळलेलं नाही.

मरण टाळायचं तर सराव हवा, आणि सरावासाठी जागा. खेळाचा जन्म या जागेत झाला, असं मला वाटतं. पॅरिसमधलं गास्तिन-रेनेत हे बंदूकवाल्याचं दुकान एकोणिसाव्या शतकात आपल्या नेमबाजीच्या दालनासाठी प्रसिद्ध होतं. द्वंद्वाची तयारी करायला येणारे लोक हळूहळू नुसत्या आवडीने येऊ लागले. त्याच शहरात 1845 साली लुई निकोला फ्लोबेरने टोपीच्या स्फोटकावरच चालणारं चिमुकलं काडतूस बनवलं. त्याला वेगळी दारू लागत नव्हती, आवाज थोडा, धूर थोडा. लोक दिवाणखान्यात निशाणबाजी करू लागले. आजच्या पॉइंट टू-टू काडतुसाचा हा पूर्वज. घोडदळ आणि द्वंद्व यांच्या मानाने इतिहासकार त्याच्याकडे फारसे वळत नाहीत, पण छंद म्हणून पिस्तूल हाती धरण्याची सोय पहिल्यांदा त्यानेच करून दिली.

याच गास्तिन-रेनेतच्या दालनात 1896 च्या वसंतात सम्नर पेन हा बोस्टनचा तरुण काम करत होता. त्याचा भाऊ जॉन अथेन्सला पहिल्या आधुनिक ऑलिंपिकसाठी निघाला होता. वाटेत पॅरिसला उतरून त्याने सम्नरला सोबत घेतलं. ऑलिंपिकचे प्रवर्तक कुबेर्तँ स्वतः पिस्तूल चालवणारे, त्यामुळे खेळांच्या यादीत पिस्तुलाला पहिल्याच वर्षी जागा मिळाली होती. पंचवीस मीटरच्या लष्करी पिस्तुलात जॉनला 442 गुण, सम्नरला 380. पहिल्या स्पर्धेत जिंकेल त्याने दुसऱ्या स्पर्धेतून बाजूला व्हायचं, असं भावांनी आधीच ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी तीस मीटरच्या स्पर्धेत भावांपैकी सम्नर एकटा उतरला आणि पहिला आला. त्याचेही गुण 442. अजिंक्यपद वाटून घेण्याचा हा प्रसंग मला या सगळ्या इतिहासात सर्वांत देखणा वाटतो.

माणूस मात्र निशाणावरून एवढ्यात हटणार नव्हता. 1906 च्या अथेन्समधल्या खेळांत नेमबाजांसमोर चक्क कोट घातलेले पुतळे उभे केले होते. 1908 च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी याहून विचित्र प्रात्यक्षिक झालं. जाड अंगरखे आणि मुखवटे चढवलेले खेळाडू एकमेकांवर मेणाच्या गोळ्या झाडत होते. द्वंद्वाचं नाटक टिकवून त्यातलं मरण तेवढं काढून टाकण्याचा तो प्रयत्न होता, आणि तो रुजला नाही. रुजलं ते कागदाचं वर्तुळ. 1907 साली झ्यूरिकमध्ये आठ देशांच्या संघटनांनी आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघ स्थापन केला, अंतरं आणि निशाणं ठरत गेली, आणि घोडेस्वाराचा, द्वंद्वकाराचा एक हात नियमपुस्तकात कायमचा बसला.

त्या नियमाची कसोटी पाहणारा माणूस हंगेरीत होता. कारोय तकाच सैन्यात सार्जंट होता. संघात केवळ अधिकारीच हवेत म्हणून 1936 च्या ऑलिंपिकला त्याला नेलं नाही. दोन वर्षांनी सरावात हातबाँब फुटला आणि त्याचा उजवा हात, नेमाचा हात, निकामी झाला. त्याने कोणाला न सांगता डाव्या हाताने सराव सुरू केला. 1939 मध्ये तो जगज्जेत्या हंगेरियन संघात होता. मग युद्ध आलं आणि दोन ऑलिंपिक झालीच नाहीत. 1948 साली लंडनला तो पोहोचला तेव्हा अडतीस वर्षांचा होता. जगज्जेत्या अर्जेंटिनियन प्रतिस्पर्ध्याने त्याला पाहून नवल केलं, तेव्हा आपण शिकायला आलो आहोत, असं तकाच म्हणाल्याचं सांगतात. रॅपिड फायरमध्ये 580 गुणांचा जागतिक विक्रम करून त्याने सुवर्ण घेतलं, आणि चार वर्षांनी हेलसिंकीत पुन्हा घेतलं. शतकानुशतकं लगाम धरणारा, पाठीमागे दुमडला जाणारा, खिशात पडून राहणारा तो दुसरा हात एकदा तरी पुढे आला.

दोन्ही हातांची वाटही निघाली, पण वेगळ्या दिशेने. 1950 च्या दशकाअखेर कॅलिफोर्नियातला जॅक वीव्हर नावाचा पोलीस स्थानिक स्पर्धांत पिस्तूल दोन्ही हातांनी धरून जिंकू लागला. त्यातून पोलिसी प्रशिक्षण बदललं आणि 1976 मध्ये ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिथे खेळाडू पळतात, वाकतात, आडोशाआडून गोळ्या झाडतात. ऑलिंपिकची वाट तिकडे वळली नाही.

ती वळली जर्मनीतल्या ओबेर्नडॉर्फ या छोट्या गावाकडे. माउझर बंदुकांचं हे गाव. दुसरं महायुद्ध संपल्यावर विजेत्यांनी कारखाना जमीनदोस्त केला आणि जर्मनांना बंदुका बनवायची मनाई झाली. माउझरमधले दोन तंत्रज्ञ, कार्ल वेस्टिंगर आणि एर्न्स्ट आल्टेनबुर्गर, यांनी फाइनवेर्कबाउ नावाचा लहानसा कारखाना काढला. हवेवर चालणाऱ्या हत्यारांना मोकळीक मिळाली तेव्हा त्यांनी लढाऊ बंदुकीचं सगळं कौशल्य त्यांत ओतलं. 1965 चं त्यांचं ‘मॉडेल 65’ पिस्तूल पाहा. बार होताच नळीसकट वरचा सगळा भाग रुळावरून किंचित मागे सरकतो, म्हणून हाताला धक्का जाणवतच नाही. गोळी साडेचार मिलिमीटरची, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. शत्रूला मारण्यासाठी जन्मलेलं हत्यार मारण्याची शक्ती टाकून देत गेलं आणि तितकंच अचूक होत गेलं. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर पिस्तूल दाखल झालं. त्याच सुमारास रॅपिड फायरमधली माणसाच्या आकाराची निशाणं जाऊन तिथेही गोल वर्तुळं आली. कोट घातलेला पुतळा कायमचा गेला.

त्याआधी चारच वर्षं स्त्रियांना ऑलिंपिकमध्ये पिस्तुलाची स्वतंत्र स्पर्धा मिळाली होती. 1984 साली लॉस एंजेलिसला पंचवीस मीटर स्पोर्ट पिस्तुलात कॅनडाच्या लिंडा थॉमने बरोबरी फोडून सुवर्ण जिंकलं. या स्पर्धेचा दुसरा टप्पा पाहिला की द्वंद्व अजून किती जवळ आहे ते कळतं. हात पंचेचाळीस अंशांत खाली, निशाण सात सेकंद दडलेलं, मग तीन सेकंदांसाठी समोर येतं. तेवढ्यात हात वर, एकच गोळी, पुन्हा हात खाली.

आपल्याकडे हा खेळ रुजायला स्वातंत्र्य यावं लागलं, कारण 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला हत्यार परवान्याशिवाय धरता येत नव्हतं आणि युरोपियनांना मात्र सूट होती. 1951 मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली ती लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर यांच्या पुढाकाराने. मूळ रत्नागिरीकडचं घराणं, जन्म बडोद्याचा, कर्मभूमी अहमदाबाद. गांधीजींच्या सहवासात वावरलेल्या या माणसाने नेमबाजीची संस्था उभारावी, याचं मला नेहमी कौतुक वाटतं. अखिल भारतीय मावळंकर स्पर्धेच्या रूपाने त्यांचं नाव आजही नव्या नेमबाजांच्या तोंडी आहे. मुंबईच्या अशोक पंडितांनी 1990 मध्ये ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सेंटर फायर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं, 1994 मध्ये हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत जसपाल राणाने, आणि त्याच वर्षीच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीत रेंज उभी राहिली. लंडन 2012 मध्ये विजय कुमारने तकाचच्याच रॅपिड फायरमध्ये रौप्य मिळवलं. कोल्हापूरची राही सरनोबत 2013 मध्ये चांगवॉनला विश्वचषकाचं पिस्तूल सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय झाली. 2018 मध्ये पालेमबांगला थायलंडच्या प्रतिस्पर्धी खेळाडूशी बरोबरी झाली तेव्हा शूट-ऑफमध्ये टिकून राहून तिने आशियाई सुवर्ण मिळवलं, भारतीय स्त्रीचं नेमबाजीतलं पहिलं. तालमींच्या गावाने अशी स्थिर उभी राहणारी मुलगी द्यावी, यात नवल नाही; तालमीतही आधी उभं राहायलाच शिकवतात. ठरावीक शक्तीच्या आतल्या हवाई पिस्तुलाला आता परवाना लागत नाही, म्हणून लहान गावांतूनही दहा मीटरच्या रेंज निघाल्या आहेत.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी शातोरूला झाली. 28 जुलैला मनू भाकरने दहा मीटर एअर पिस्तुलात कांस्य घेतलं, दोन दिवसांनी सरबज्योत सिंगसोबत मिश्र सांघिकमध्ये दुसरं. मिश्र सांघिक ही स्पर्धाच नवी. तिला जागा देण्यासाठी पन्नास मीटरचं फ्री पिस्तूल रिओनंतर वगळलं गेलं. 1900 च्या पॅरिसपासून चालत आलेली ती स्पर्धा गेली याची हळहळ मला वाटते. याच शातोरूला तुर्कस्तानच्या युसूफ दिकेचचं छायाचित्र जगभर फिरलं: साधा टी-शर्ट, नेहमीचा चष्मा, उजवा हात निशाणावर आणि डावा खिशात. लोकांना ती बेफिकिरी वाटली. खरं तर नेमबाजाचा रिकामा हात लोंबता राहिला तर अंग डोलतं, म्हणून तो कुठेतरी बांधावाच लागतो.

रेंजवरच्या त्या मुलीने तीन वेळा हात वर करून तीन वेळा खाली घेतला होता. चौथ्यांदा बार झाला, टाळी वाजावी तेवढाच आवाज. शेजारच्या पडद्यावर ठिपका उमटला, 9.4. तिने पिस्तूल टेबलावर टेकवलं, डावा हात खिशातून काढला, त्याच हाताने तरफ उघडली, डबीतली एक गोळी चिमटीत धरून नळीच्या मागच्या तोंडाशी बसवली, तरफ मिटली आणि अंगठा पुन्हा खिशात खोचला.