कामाच्या ठिकाणी व्यसनमुक्ती : नोकरी टिकवून उपचार कसे मिळवावेत?

दारूमुळे खाडे वाढलेल्या कामगाराला घरी बसवायचे, की उपचार देऊन कामावर ठेवायचे? दुसरा मार्ग निवडणाऱ्या व्यवस्थेला कर्मचारी साहाय्य कार्यक्रम म्हणतात. दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र, भुसावळची रेल्वे, वरणगावची आयुध निर्माणी यांवर हजारो घरे चालतात. म्हणून ही माहिती प्रत्येक वस्तीत पोहोचली पाहिजे.

नियम काय सांगतात?
कारखान्यांच्या आदर्श स्थायी आदेशांत नशेत असणे हे गैरवर्तन आहे. मात्र आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची 1996 ची आचारसंहिता व्यसनाला आरोग्याचा प्रश्न मानते आणि शिक्षेपेक्षा समुपदेशन व उपचारांना प्राधान्य देते. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातील आजाराच्या व्याख्येतही दारू व अमली पदार्थांच्या गैरवापरातून येणाऱ्या मानसिक अवस्था आहेत.

काम कसे चालते?
पगारानंतरचे खाडे, लहानसहान अपघात, घटलेले काम हे आधी पर्यवेक्षकाच्या लक्षात येते. त्याने निदान करायचे नसते. कामगाराला कल्याण अधिकारी किंवा डॉक्टरकडे पाठवायचे असते. पुढे गोपनीय समुपदेशन, उपचारासाठी रजा, कुटुंबाशी बोलणे आणि कामावर परतल्यानंतरचा पाठपुरावा. पाठपुरावा नसेल, तर पुन्हा पिणे सुरू होण्याचा धोका वाढतो. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण हे अशा उपचारांचे राज्यातील परिचित केंद्र आहे.

कोण बाहेर राहतो?
कंत्राटी कामगार. त्याचा गेटपास ठेकेदाराच्या हाती असतो. परतल्यावर जागा राहील याची खात्री नसल्याने तो आजार लपवतो. नशेत यंत्राजवळ उभा राहिला, तर धोका त्याच्यासोबत शेजारच्या कामगारालाही असतो. म्हणून उपचारानंतर त्याच कामावर परत घेण्याची लेखी हमी ठेकेदाराच्या करारातच हवी, अशी मागणी युनियनने करावी, असे आम्हाला वाटते.

शील आणि उपचार
पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचा संकल्प देते. पण शील मोडले म्हणून माणसाला विहारापासून तोडले, तर तो आणखी एकटा पडतो. रोज भरपूर पिणाऱ्याने शपथ घेऊन एकदम दारू सोडल्यास फिट येणे, भ्रम होणे असे जीवघेणे त्रास होऊ शकतात. त्यामुळे आधी डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 आहे. घरच्यांनीही फोन करायला हरकत नाही.